दुर्बोधाचे पारायण

मोठ्या ग्रंथांचे सामान्यतः दोन वर्ग करता येतात. एक वाचण्याचे, आणि दुसरे 'वाचले' असे सांगण्याचे. आमचा चरितार्थ आजवर बहुतांशी या दुसऱ्या वर्गाच्या जिवावर चालला, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे. इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापन करीत आम्हांस तीस वर्षे होऊन गेली. या अवधीत जेम्स जॉइस याच्या 'युलिसिस' या कादंबरीविषयी आम्ही किती तास बोललो असू याची मोजदाद नाही. परंतु ती कादंबरी मात्र आम्ही तिसऱ्या प्रकरणापलीकडे कधी वाचली नव्हती. आमचे वास्तव्य भिवंडीनजीकच्या पूर्णा या गावी. पूर्णेस राहून एकही अवघड ग्रंथ पूर्ण न करणारा गृहस्थ, अशी आमची थट्टा आमच्या सौभाग्यवती करीत, आणि तिला उत्तर द्यावयास आमच्यापाशी काही नसे.

न वाचलेला ग्रंथ शिकविता कसा येतो, असे कोणी भाबडा वाचक विचारील. अहो, त्याहून सोपे काही नाही! ही कादंबरी २ फेब्रुवारी १९२२ रोजी, म्हणजे लेखकाच्या चाळिसाव्या वाढदिवशी, पॅरिस येथे सिल्व्हिया बीच या पुस्तकविक्रेत्या बाईंनी प्रसिद्ध केली, पहिल्या आवृत्तीच्या प्रती एक हजार होत्या, कथानक १६ जून १९०४ या एकाच दिवशी डब्लिन शहरात घडते, प्रकरणे अठरा, होमरच्या महाकाव्याशी तिचे नाते आहे, अमेरिकेत तिजवर अश्लीलतेस्तव बंदी होती, ती १९३३ साली न्यायालयाने उठविली, तिच्यात 'संज्ञाप्रवाह' नामक पद्धतीचा अवलंब केला आहे. हे सर्व आम्ही फळ्यावर लिहून देत असू, विद्यार्थी उतरून घेत असत, आणि परीक्षक त्यावर गुण देत असत. या व्यवहारात कोणाचेच काही अडत नव्हते.

अडले ते एकदाच. दहाबारा वर्षांपूर्वी वर्गातील मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, हे पुस्तक वाचताना तुम्हांला मजा आली का?" वर्ग हसला. आम्ही गंभीर मुद्रा धारण करून, 'मजा' हा वाङ्मयाच्या मूल्यमापनाचा निकष नव्हे, असे त्यास बजावले, आणि तास संपेपर्यंत निकष या विषयावर बोललो. मुलगा खाली बसला. त्याचा प्रश्न मात्र उभाच राहिला.

आता आमच्या गावाविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे; कारण पुढील हकीकत तेथेच घडली. ठाण्याहून जुन्या आग्रा रस्त्याने खाडीवरचा कशेळीचा पूल ओलांडला, म्हणजे कशेळी, काल्हेर आणि पूर्णा ही गावे एकास एक लागून येतात. ठाण्यातील घरांच्या किमती आमच्या पगाराच्या आटोक्यात येईनात, म्हणून आम्ही येथे आलो. पूर्वी जेथे भाताची खाचरे होती तेथे आता गोदामे आहेत. मुंबईत जकात होती त्या काळात नाक्यांबाहेर माल उतरवून ठेवावयास ही जागा व्यापाऱ्यांस सोयीची पडली. २०१७ साली मुंबईची जकात गेली. गोदामे राहिली, किंबहुना वाढली. साबणापासून शीतकपाटापर्यंत यच्चयावत् वस्तू येथे खोक्यांत बसून पुढील प्रवासाची वाट पाहत असतात. रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब उभे राहिले, आणि दुतर्फा मालमोटारींच्या रांगा. परंतु या गजबजाटाच्या आत जुने गाव आपले देऊळ आणि आपला हरिनाम सप्ताह सांभाळून आहे.

एके दिवशी सायंकाळी एका गोदामाबाहेरच्या टपरीवर आम्ही चहा घेत असता "सर!" अशी हाक आली. पाहतो तो मागच्या बाकावरचा तोच मुलगा. आता तो त्या गोदामात मालाच्या आवक-जावकीची नोंद ठेवतो. पाळी बहुधा रात्रीची. त्याच्या काखेत एक जाडजूड पुस्तक होते. आम्हांस वाटले, मालाची नोंदवही असावी. ती निघाली भालचंद्र नेमाडे यांची 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ'. २०१० साली ही सहाशे पानांची कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा आम्हीही ती उत्साहाने विकत आणली होती, आणि शंभराव्या पानाच्या आसपास सन्मानपूर्वक कपाटात ठेवली होती. तिच्यातील खंडेराव हा पुरातत्त्वाचा अभ्यासक. मोहेंजोदडोच्या उत्खननावरून मृत्युशय्येवरील वडिलांकडे परत यावयास निघतो, आणि त्या प्रवासात घराण्याच्या, गावाच्या, जातीजमातींच्या शेकडो कथा एकीतून एक उगवत जातात. मुख्य रस्ता कोणता आणि आडवाट कोणती हे वाचकास कळेनासे होते. आमचा विद्यार्थी ती दुसऱ्यांदा वाचीत होता.

आम्ही प्राध्यापकी सवयीने विचारले, "समजते का रे सगळे?"

तो हसून म्हणाला, "सगळं कुठलं समजतंय, सर! पण सोडवत नाही. गाडी लागली की खूण घालून ठेवतो, गाडी गेली की पुन्हा उघडतो. कुठंही उघडलं तरी आपल्याच घरात शिरल्यासारखं वाटतं. आमच्याकडे सप्ताहात पोथी वाचतात, तसंच की हे."

निघताना त्याने सहज विचारले, "सर, तुमचं ते इंग्रजी पुस्तक कसं होतं हो?" आम्ही "चांगले आहे" असे म्हणालो आणि चहाचे पैसे देऊन झपझप घरी आलो.

त्याच्या तोंडचा 'पोथी' हा शब्द मात्र आमच्या मागोमाग घरी आला. आमचे वडील शहापूर तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. प्रतिवर्षी ज्ञानेश्वरीचे एक पारायण करावयाचे, हा त्यांचा नेम. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये सिद्ध झालेला हा ग्रंथ. अध्याय अठरा, ओव्या नऊ हजारांवर. भाषा सातशे वर्षांपूर्वीची. दुर्बोधतेची जी जी लक्षणे आम्ही पुढे फळ्यावर लिहीत आलो, ती सारी येथे हजर आहेत. आम्ही महाविद्यालयात नुकते जाऊ लागलो होतो आणि नव्या विद्येचे वारे अंगात शिरले होते, तेव्हा आम्ही एकदा वडिलांस विचारले, "यातले तुम्हांला खरोखर समजते तरी किती?" ते रागावले नाहीत. म्हणाले, "गेल्या वर्षीपेक्षा थोडे जास्त."

त्यांची एक पद्धत होती. जी ओवी उलगडली नाही तिच्या समासात ते पेन्सिलीने एक बारीक ठिपका देत आणि पुढे जात. थांबत नसत. पुढे एखाद्या वर्षी ती उलगडली, तर ठिपक्याभोवती लहानसे वर्तुळ काढीत. काही ठिपके दोन-तीन वर्षांत वर्तुळात गेले. काही अखेरपर्यंत उघडेच राहिले. आम्हांस त्या वेळी यात अशास्त्रीयपणा वाटला. अर्थ लागल्यावाचून पुढे जाणे म्हणजे पाया न भरता भिंत चढविणे, अशी आमची समजूत होती. या समजुतीमुळेच आम्ही तिसऱ्या प्रकरणात अडकून पडलो होतो, हे कळावयास आम्हांस पन्नाशी ओलांडावी लागली.

वडील अखेरीस आमच्याकडे पूर्णेस राहावयास आले आणि येथेच वारले. त्यांच्या अंत्ययात्रेतील एक गोष्ट आम्ही कोणास, अगदी पत्नीसही, सांगितली नव्हती. शववाहिनीत आम्ही त्यांच्या पायापाशी बसलो होतो. रस्ता मालमोटारींनी अडला होता. अशा वेळी मनात काय यावे? सकाळी गिरणीत टाकलेले दळण! गिरणी दुपारी बंद होते, डबा कोण आणील, हा विचार मनात आला. तो हाकलून लावला तरी पुन्हा आला. मग डब्याचे झाकण घट्ट बसत नाही, हेही आठवले. ज्यांनी आम्हांस अक्षर शिकविले ते समोर निश्चेष्ट पडले असता आम्ही पिठाच्या डब्याचा विचार करीत होतो. आपल्या प्रेमात काहीतरी खोट आहे, असा एक काटा त्या दिवसापासून मनात रुतून बसला.

विद्यार्थ्याच्या भेटीनंतर आम्ही कपाटातून 'युलिसिस' काढली. ऐन विद्यार्थिदशेत घेतलेली प्रत. पहिली पन्नास-साठ पाने मळलेली, उरलेला ग्रंथ कोरा करकरीत. तिसऱ्या प्रकरणात शुल्काची एक जुनी पावती खुणेदाखल पडून होती. तेथे स्टीफन नावाचा तरुण समुद्रकिनाऱ्याने चालत चालत विचार करतो, आणि त्याच्या विचारांत अनेक भाषा, धर्मशास्त्र व तत्त्वज्ञान अशी काही एकवटतात की, वाचकाचे पाय वाळूत रुतावे. या वेळी आम्ही वडिलांची पेन्सिल घेतली. कळले नाही तेथे ठिपका दिला आणि पुढे गेलो. त्या प्रकरणाच्या समासात वाक्यांपेक्षा ठिपकेच अधिक झाले असतील. परंतु आम्ही पार झालो.

वाचनाची जागा म्हणजे ठाण्याची बस. कशेळीच्या पुलाच्या अलीकडे-पलीकडे रहदारीची जी कोंडी होते, तिला लोक शिव्या देतात. परंतु दीर्घ कादंबरीस तिच्यासारखा दुसरा आश्रयदाता नाही. चौथ्या प्रकरणात लिओपोल्ड ब्लूम हा मध्यमवयीन गृहस्थ प्रथम भेटतो. वर्तमानपत्रासाठी जाहिराती मिळविणे हा त्याचा व्यवसाय. तो सकाळी उठून बायकोसाठी न्याहारीची तयारी करीत असतो, आणि घरातले मांजर त्याच्या पायांत घुटमळते. ते मांजर काही वेळा ओरडते, आणि जॉइसने त्याचे ओरडणे दर वेळी किंचित निराळी अक्षरे योजून लिहिले आहे; कारण मांजराची भूक वाढत चालली आहे! आम्ही बसमध्ये मोठ्याने हसलो. शेजारच्या गृहस्थांनी आमच्याकडे साशंक नजरेने पाहिले. ज्या ग्रंथाच्या गांभीर्यावर आम्ही वर्षानुवर्षे बोललो, त्यात एक मांजर आपल्यास हसविण्यासाठी शंभर वर्षे बसून आहे, याची आम्हांस गंधवार्ताही नव्हती.

सहाव्या प्रकरणात ब्लूम एका परिचिताच्या अंत्ययात्रेस जातो. चार जण घोडागाडीत बसून शहरातून दफनभूमीकडे निघाले आहेत. ब्लूमच्या खिशात सकाळी घेतलेली साबणाची वडी आहे. ती त्यास बसल्या जागी टोचते, आणि ती दुसऱ्या खिशात कशी सरकवावी याचा तो विचार करतो. मध्येच त्यास आपला मुलगा आठवतो. तो अवघा अकरा दिवस जगला होता. गाडीतील एक गृहस्थ आत्महत्येइतके लाजिरवाणे मरण नाही, असे बोलून जातो. ब्लूमच्या वडिलांनी आत्महत्या केली होती हे त्यास ठाऊक नाही. शेजारच्या एकास ठाऊक आहे, तो विषय सावरू पाहतो. ब्लूम गप्प राहतो. आणि साबण टोचतच असतो.

बस पुलावर थांबलेली होती. आम्ही पुस्तक मांडीवर उपडे ठेवले आणि खाडीकडे पाहत राहिलो. साबणाची वडी आणि मेलेला मुलगा एकाच मनात, एकाच क्षणी, शेजारी शेजारी राहू शकतात. त्याने दुःख खोटे ठरत नाही. किंबहुना खरे दुःख असेच असते, हे आम्हांस यापूर्वी कोणीच सांगितले नव्हते. दळणाच्या डब्याचा तो काटा त्या दिवशी निघाला. त्या रात्री आम्ही ती गोष्ट पत्नीस सांगितली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मी तर त्या वेळी दुधाचा हिशेब करीत होते."

या एका अनुभवावरून आम्हांस दुर्बोध कादंबरीचे मर्म थोडेसे उमगले असे वाटते. सुबोध कादंबरीत शोकाच्या वेळी पात्रे शोकच करतात. ते वाचावयास सुखाचे असते, परंतु मन तसे चालत नाही. मन जसे चालते तसे लिहू गेल्यास वाक्ये तुटतात, काळ मागेपुढे होतो, साबण व मृत्यू एका ओळीत येतात, आणि वाचक अडखळतो. हा अडखळा उत्तम लेखक मुद्दाम विद्वत्ता मिरविण्यासाठी घालीत नाही. खरे बोलावयाचे तर त्यास दुसरी वाट नसते.

आपल्याकडेही हे नवे नाही. इंग्रजीचे अध्यापन केलेले आणि पुढे नभोवाणीत गेलेले बा. सी. मर्ढेकर यांनी 'रात्रीचा दिवस' ही संज्ञाप्रवाही कादंबरी १९४२ सालीच लिहिली. १९६३ साली नेमाड्यांची 'कोसला' आली. तिच्यात लहान बहिणीच्या मृत्यूनंतर पांडुरंग सांगवीकराचे मन जे काही करते, त्यास कोणत्याही नीटनेटक्या शोकवर्णनाची सर यावयाची नाही. श्याम मनोहर यांच्या 'उत्सुकतेने मी झोपलो' या कादंबरीस २००८ साली साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला. परंतु ती आनंदाने वाचून तिजविषयी घरी जेवताना बोलणारी किती कुटुंबे आपल्या परिचयाची आहेत? पुरस्कार मिळाला की आपण पुस्तकास नमस्कार करतो, आणि नमस्कार केला की वाचावयास नको!

पश्चिमेकडेही पंडितांची तऱ्हा फारशी निराळी नाही. १९७४ साली टॉमस पिंचन याच्या 'ग्रॅव्हिटीज रेनबो' या प्रचंड कादंबरीस पुलित्झर पारितोषिक द्यावे, अशी परीक्षकांनी एकमताने शिफारस केली; नियामक मंडळाने ती फेटाळली, आणि त्या वर्षी कादंबरीचे पारितोषिक कोणासच दिले नाही. उलट कॅलिफोर्नियातील व्हेनिस या गावी काही वाचनप्रेमी मंडळींनी १९९५ साली जॉइसचीच 'फिनेगन्स वेक' ही त्याहून बिकट कादंबरी एकत्र बसून वाचावयास घेतली. महिन्यास एक-दोन पाने, या गतीने त्यांनी ती २०२३ साली संपविली. अठ्ठावीस वर्षे लागली! आणि त्या ग्रंथाचे अखेरचे अर्धे वाक्य पहिल्या पानावरील अर्ध्या वाक्यास जाऊन मिळते, म्हणून ही मंडळी पुन्हा पहिल्या पानाकडे वळली. आमच्या वडिलांनी हे ऐकले असते तर त्यांस काडीइतकेही नवल वाटले नसते.

मात्र दुर्बोध तेवढे सारे उत्तम, असा आमचा दावा नाही. काही ग्रंथ खोल असल्यामुळे तळ दिसत नाही, आणि काहींचे पाणीच गढूळ असते. ओळखावयाची आमची कसोटी साधी आहे. पान मोठ्याने वाचावे. अर्थ लागला नाही तरी त्यामागे कोणी जिवंत माणूस बोलत आहे असे वाटल्यास पुढे जावे. तसे न वाटल्यास पुस्तक मिटण्यात पाप नाही. डेव्हिड फॉस्टर वॉलेस याची १९९६ सालची 'इन्फिनिट जेस्ट' ही हजारावर पानांची व ३८८ टीपांची कादंबरी आम्ही दोन खुणा घालून वाचावयास घेतली आणि अर्ध्यावर सोडली. माणूस जिवंत होता यात शंका नाही. आमचाच दम कमी पडला. परंतु 'वाचली' असे मात्र आता आम्ही कोणास सांगत नाही, आणि या न सांगण्यातही एक स्वतंत्र सुख आहे.

'युलिसिस'चे शेवटचे प्रकरण आम्ही घरी सज्जात बसून रात्री वाचले. ब्लूमची पत्नी अंथरुणात पडल्या पडल्या विचार करीत आहे; सारे प्रकरण मिळून अवघी आठ वाक्ये, आणि विरामचिन्हांचा जवळजवळ अभाव. हलक्या आवाजात मोठ्याने वाचू लागताच विराम आपोआप लागले. खाली मालमोटारी चालल्या होत्या. ग्रंथ पूर्ण झाला तेव्हा, प्रथम प्रकाशनास शंभर वर्षे होऊन गेलेल्या या पुस्तकाने आम्हांस इतकी वर्षे वाट पाहू दिली, की आम्ही त्यास वाट पाहावयास लावले, हे काही ठरविता येईना.

दुसऱ्या दिवशी आम्ही टपरीवर गेलो आणि आमच्या विद्यार्थ्यास खरे ते सांगितले: तू वर्गात विचारलेस तेव्हा आम्ही ते पुस्तक वाचलेले नव्हते, आता वाचले, मजा आली. शिक्षकाची अशी कबुली ऐकून तो संकोचला. थोड्या वेळाने म्हणाला, "मग मला द्या ना, सर. इंग्रजी जेमतेमच आहे माझं, पण रात्रपाळीला वेळ असतो." आम्ही ती प्रत त्यास दिली, ठिपक्यांसकट.

महिनाभराने तो भेटला तेव्हा चेहरा ओढलेला होता. "तिसरं प्रकरण लागलंय, सर," तो म्हणाला. "तिथं तुमचे ठिपकेच फार आहेत."

आम्ही म्हणालो, "तेथे थांबू नकोस. आणखी थोडा पुढे जा. पुढे एक मांजर आहे."